हातातला गेमिंग संगणक : एका नमुन्यापासून पाचशे नगांपर्यंत

टेबलावर एक नमुना चालला की यंत्र बनवता येतं एवढं सिद्ध होतं. पाचशे नगांना लागतो सारखेपणा. नमुन्यात एखादी वायर हाताने डागलेली चालते, बटण अडकलं तर कानशीने घासून बसवता येतं. पाचशे नगांत तीच कानस पाचशे वेळा चालवावी लागते. चार-पाच जणांच्या टीमचे पैसे बुडतात ते बहुतेक वेळा गोष्टी पक्क्या करण्याचा क्रम चुकल्यामुळे. आधी देखणं कवच ठरतं, डायचे (कवच काढायच्या धातूच्या साच्याचे) पैसे जातात, आणि मग कळतं की त्या मापाचा स्क्रीन आता मिळत नाही.

क्रम असा ठेवा. जे तुम्ही बनवत नाही, बाजारातून तयार घेता, ते सगळ्यात आधी ठरवा : स्क्रीन, प्रोसेसर मॉड्यूल (प्रोसेसर आणि रॅम आधीच बसवलेला छोटा बोर्ड), बॅटरी, ॲनालॉग स्टिक (अंगठ्याने हवी तिकडे ढकलायची दांडी). मग कवच. बोर्ड सगळ्यात शेवटी, कारण बोर्डाची नवी आवृत्ती काही आठवड्यांत येते, डाय बदलायला महिने जातात, आणि स्क्रीन बदलला तर डाय आणि बोर्ड दोन्ही बदलतात. प्लेडेट हे छोटं यंत्र बनवणाऱ्या पॅनिक कंपनीला २०२१ मध्ये ठरलेला प्रोसेसर ७३० दिवस मिळणार नाही असं उत्तर मिळालं आणि वेगळा प्रोसेसर धरून बोर्ड नव्याने आखावा लागला.

नमुन्यानंतर तीन फेऱ्या धरा. पहिल्या फेरीत ५ ते १० नग : वीज, स्क्रीन, चार्जिंग आणि रेडिओ नीट आहेत का एवढंच पाहायचं, कवच थ्रीडी प्रिंटचं चालेल. दुसऱ्या फेरीत २० ते ३० नग, खऱ्या डायमधून आलेल्या कवचात; पाडून, तापवून, भिजट हवेत ठेवून बघायचे. तिसऱ्या फेरीत ५० नग, ज्या हातांनी आणि ज्या जिगवर (नग धरून जुळवायच्या-तपासायच्या चौकटीवर) पुढचा माल बनणार त्याच हातांनी आणि त्याच जिगवर. तिसरी फेरी वाचवण्याचा मोह होतो. तो टाळा, कारण माणसं कुठे अडखळतात ते याच फेरीत दिसतं.

विकत घ्यायचे भाग

पाच इंचाचे बरेचसे स्वस्त ७२० बाय १२८० चे पॅनेल मुळात फोनसाठी, म्हणजे उभे बनवलेले असतात. आडवं चित्र दाखवायला ते सॉफ्टवेअरने फिरवावं लागतं, आणि तिथे चित्र मधोमध फाटल्यासारखं दिसण्याचा दोष येतो. प्रोसेसरला हार्डवेअरमध्ये चित्र फिरवता येतं का ते आधी तपासा; येत नसेल तर मूळ आडवा पॅनेल थोडा महाग पडला तरी घ्या. दुसरा धोका छुपा असतो. त्याच भाग क्रमांकाचा पुढचा लॉट येतो, पण आतली ड्रायव्हर चिप बदललेली असते. सुरुवातीच्या आज्ञांचा क्रम जुळत नाही आणि स्क्रीन काळा राहतो. कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) चिपची ओळख वाचून त्याप्रमाणे क्रम निवडण्याची सोय ठेवा, आणि पहिल्या पाचशे नगांचे स्क्रीन ५ टक्के जास्त धरून एकाच लॉटमध्ये घेऊन टाका.

प्रोसेसरची चिप स्वतः बोर्डावर बसवायची की तयार मॉड्यूल वापरायचं? पाचशे नगांसाठी आमचं मत स्पष्टपणे मॉड्यूलच्या बाजूने आहे. रॅमच्या ट्रॅकची लांबी जुळवण्यात दोन-तीन बोर्ड वाया जातात, ते वाचतात. रास्पबेरी पाय कम्प्यूट मॉड्यूल ४ हा ५५ बाय ४० मिमीचा आहे, ०.४ मिमी पिचच्या १०० पिनी दोन कनेक्टरांवर बसतो, आणि किमान २०३४ पर्यंत बनत राहील असं कंपनीने जाहीर केलं आहे. कनेक्टर १.५ मिमी उंचीचा घेतला तर मॉड्यूलखाली एकही भाग बसत नाही. ३ मिमीचा घेतला तर दीड मिमी जागा मिळते. जाडी ठरवताना हा दीड मिमी विसरला जातो.

स्टिक हॉल इफेक्टची, म्हणजे चुंबकाने जागा ओळखणारी, घ्या. घासणारा कार्बन नसल्यामुळे ती झिजून भरकटत नाही. मात्र आत चुंबक असतो, त्यामुळे स्पीकर शेजारी आला तर मधला बिंदू सरकतो. स्पीकर बसवलेल्या कवचातच मोजा, आणि प्रत्येक नगाचा मधला बिंदू व चारही टोकं त्या नगाच्याच मेमरीत साठवा. सगळ्यांना एकच कॅलिब्रेशन दिलं की काही नगांत पात्र आपोआप चालू लागतं.

बॅटरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. ३.७ व्होल्ट, ५००० एमएएच म्हणजे १८.५ वॉट-तास. यंत्र सरासरी ६ वॉट खात असेल आणि कन्व्हर्टरमध्ये १० टक्के जात असतील, तर खेळ पावणेतीन तास चालेल. जाहिरातीत पाच तास लिहू नका. ६००० एमएएचचा सेल घेण्याआधी विमान वाहतुकीचा नियम पाहा : एका सेलला २० वॉट-तासांची मर्यादा ओलांडली की सवलतीचं कलम लागू होत नाही आणि पूर्ण धोकादायक मालाची कागदपत्रं करावी लागतात. ६००० एमएएच म्हणजे २२.२ वॉट-तास. ५००० वर थांबण्याचं हे व्यवहारी कारण आहे. कुठलाही सेल घ्या, यूएन ३८.३ या वाहतूक-सुरक्षेच्या चाचणीचा सारांश पुरवठादाराकडून मागून घ्या.

पाऊच सेल (मऊ पाकिटातला सेल) वयाप्रमाणे फुगतो. जाडीच्या ८ ते १० टक्के जागा वर मोकळी ठेवा, आणि सेलकडे तोंड करून स्क्रू, कड किंवा डायच्या पिनची खूण येऊ देऊ नका. चार्जिंग ० ते ४५ अंशांतच व्हायला हवं, म्हणून सेलला टेकलेला १० किलोओहमचा एनटीसी (तापमान कळवणारा रेझिस्टर) वगळू नका. मे महिन्यात खोली ३४ अंशांवर असते, चार्जिंग चालू ठेवून कुणी खेळत बसलं की सेल ४५ पार करतो आणि चार्जर बरोबर वागून थांबतो. ग्राहकाला मात्र ‘चार्ज होत नाही’ एवढंच दिसतं. सेल प्रोसेसरपासून लांब ठेवा आणि पडद्यावर ‘यंत्र गरम आहे, चार्जिंग थांबवलं’ असा मजकूर दाखवा. तक्रारींचा मोठा हिस्सा तिथेच मिटतो.

गोदामात पडून मरणारी बॅटरी हा नवख्यांचा नेहमीचा घात. निम्म्या चार्जवर डबा बंद केला म्हणजे २५०० एमएएच शिल्लक. बंद असतानाही बोर्ड २ मिलीॲम्पियर खात असेल तर रोज ४८ एमएएच जातात आणि ५२ दिवसांत सेल तळाला. तेच ५० मायक्रोॲम्पियरवर आणलं तर रोज १.२ एमएएच. ज्या चार्जर चिपमध्ये बॅटरी आतून तोडून ठेवणारा ‘शिप मोड’ असतो तीच निवडा आणि तपासणीच्या शेवटच्या पायरीत तो चालू करा. प्लेडेटच्या पहिल्या ५००० तयार नगांच्या बॅटऱ्या अशाच बदलाव्या लागल्या होत्या. पडून राहिलेली यंत्रं सुरूच होत नव्हती.

कवच आणि डाय

दुसऱ्या फेरीआधी २० नग हवे असतील तर सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन ओतून घ्या. एका साच्यातून २० ते २५ प्रती निघतात. पण पाचशेला इंजेक्शन मोल्डिंगशिवाय गत्यंतर नाही. वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे भागांत डायमेकर आणि मोल्डिंगचे गाळे शेजारी शेजारी आहेत. डाय बनवणारा आणि माल काढणारा जवळ असणं फार मोलाचं. दोघं लांब असले की प्रत्येक दोषाचं खापर एकमेकांवर फुटतं आणि डाय टेम्पोत फिरत राहते.

ड्रॉइंगवर पुढचं सगळं असू द्या. भिंत २ मिमी, सगळीकडे सारखी. आतल्या पट्ट्या भिंतीच्या ५० ते ६० टक्के जाडीच्या. त्याहून जाड केल्या की बाहेरच्या बाजूला खळगा दिसतो, आणि काळ्या चकचकीत पृष्ठभागावर तो लगेच नजरेत भरतो. उतार (माल डायमधून सुटावा म्हणून भिंतीला दिलेला कल) किमान १ अंश, खरखरीत पोत हवा असेल तर २ ते ३ अंश. एबीएस हे प्लास्टिक थंड होताना ०.४ ते ०.७ टक्के आकसतं. १८० मिमी लांबीच्या कवचात ०.५ टक्के म्हणजे ०.९ मिमी. डाय एबीएससाठी कापली की नंतर दुसरं प्लास्टिक ओतता येत नाही, मापं हलतात. म्हणून एबीएस की पीसी-एबीएस हे डायच्या ऑर्डरआधी ठरवा.

डायमेकरशी बोलताना एक गोष्ट आग्रहाने मागा : शंका असलेल्या मापात धातू जास्त ठेवा. डायमधला धातू कापता येतो, परत भरायला वेल्डिंग लागतं आणि ते दिसतं. म्हणून खाचा सैल, खुंट्या बारीक ठेवून सुरुवात करायची आणि ट्रायलनंतर कापत जायचं. पहिल्या ट्रायलचा माल वाकडा आला तर घाबरू नका, दोन-तीन ट्रायल धरूनच चाला. पोत मात्र शेवटची ट्रायल पास झाल्यावरच चढवा.

बटण आणि भोक यांच्यात प्रत्येक बाजूला ०.२ ते ०.२५ मिमी फट ठेवा. कवच रंगवणार असाल तर रंगाच्या एका थराची जाडी २० ते ४० मायक्रॉन धरा. दोन थर भोकाच्या कडेवर आणि दोन बटणावर बसले की फट निम्म्याने कमी होते आणि बटण दाबलेलंच राहतं. नमुना बिनरंगी असल्यामुळे हे आधी कळत नाही. आमचा सल्ला, रंगवूच नका. मास्टरबॅच (रंगाचे दाणे) टाकून प्लास्टिकच रंगीत घ्या. बटणांखाली कार्बनची टिकली असलेली सिलिकॉनची चादर घ्या आणि बोर्डावर तिच्यासमोरचे पॅड सोन्याचा मुलामा दिलेले ठेवा. समुद्राच्या हवेत टिनचे पॅड काळवंडतात आणि वर्षभरात बटण दोनदा दाबावं लागतं. चार दिशांच्या बटणाला मधोमध टेकू द्या, नाहीतर समोरासमोरच्या दोन दिशा एकदम दाबल्या जातात.

स्क्रूसाठी पितळी इन्सर्ट गरम करून बसवा. थेट प्लास्टिकमध्ये आटे पाडणारा स्क्रू तीन-चार वेळा उघडला की सैल होतो, आणि दुरुस्तीसाठी यंत्र उघडावंच लागतं. एम२ चे स्क्रू मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर मिळतात. सुटे घेऊ नका, पूर्ण पेटी घ्या. सुट्या मालात लांबी अर्ध्या मिमीने इकडेतिकडे असते आणि तो अर्धा मिमी स्क्रीनला खालून टोचतो.

डाय तुमच्या पैशांची असली तरी राहते मोल्डिंगवाल्याच्या गाळ्यात. मालकी तुमची, ड्रॉइंग तुमचं, मागाल तेव्हा परत, असा साधा लेखी करार करा आणि डायवर नाव खोदून घ्या. पावसाळ्याआधी गंजरोधक फवारून ठेवायला सांगा.

बोर्ड, आणि पावसाळा

लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, नमुन्यासाठी सोन्यासारखा आहे : कनेक्टर, वायर, मीटर, सोल्डर, सगळं एका दुपारी मिळतं. उत्पादनाच्या चिप मात्र तिथून सुट्या घेऊ नका. कुठला लॉट, किती दिवस उघडा पडला होता, अस्सल आहे का, यातलं काही सांगता येत नाही. अधिकृत वितरकाकडून, बंद पुडक्यात, बिलासह घ्या.

यूएसबी-सीच्या सीसी१ आणि सीसी२ या दोन पिनांना ५.१ किलोओहमचे दोन वेगळे रेझिस्टर लावा. २०१९ च्या सुरुवातीच्या रास्पबेरी पाय ४ मध्ये दोन्ही पिनांना मिळून एकच होता, आणि आत चिप असलेल्या काही केबलींनी ते यंत्र चालूच होत नव्हतं. यूएसबीच्या ट्रॅकच्या जोडीला ९० ओहम, स्क्रीनच्या जोडीला १०० ओहम इम्पीडन्स हवा हे फॅबला (बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला) लेखी कळवा. बोर्डाचे तुकडे व्ही आकाराच्या खाचेवर मोडणार असाल तर खाचेपासून किमान ३ मिमीपर्यंत सिरॅमिक कपॅसिटर ठेवू नका. मोडताना त्याला न दिसणारी चीर जाते, तपासणीत तो पास होतो, आणि महिन्याभरात शॉर्ट होतो.

वाय-फायचा अँटेना वरच्या कडेला ठेवा, तळहात जिथे येतात तिथे नको. स्क्रीन चालू आणि बंद असे दोन्ही वेळा सिग्नल मोजा. चालू असताना तो बराच पडत असेल तर स्क्रीनची केबल रेडिओ गोंगाट करते आहे. तो अडवणाऱ्या ढालीला जागा लागेल, म्हणून हे माप डायच्या आधी घ्या.

मुंबईत जून ते सप्टेंबर भाग बसवून घेणार असाल तर महापे-रबाळे पट्ट्यातल्या कारखान्याला आधी एकच विचारा : दमट हवेचं काय करता? बऱ्याच चिप ओलाव्याच्या तिसऱ्या वर्गातल्या असतात. पुडकं उघडल्यावर ३० अंश आणि ६० टक्के आर्द्रतेत त्यांना १६८ तासांची मुदत असते. जुलैत बाहेरची आर्द्रता ८० च्या वर, म्हणजे वातानुकूलन नसलेल्या खोलीत ती मुदत धरताच येत नाही. चिपमध्ये शिरलेलं पाणी भट्टीत २४० ते २५० अंशांना वाफ होतं आणि चिप आतून फुटते. याला पॉपकॉर्न म्हणतात. उपाय : पुडकं उघडल्याची वेळ त्यावरच लिहायची, उरलेला माल कोरड्या कपाटात, आणि मुदत संपली तर भाजून घ्यायचा. ट्रेमधल्या चिप १२५ अंशांना भाजता येतात. प्लास्टिकच्या रिळावरच्या नाही, रीळ वितळतं. रिळाला ४० अंशांवर अनेक दिवस द्यावे लागतात, म्हणून ती वेळ येऊच देऊ नका.

तपासणीचा जिग

कवच पास करताना अंदाजाने दोन-चार उचलू नका. आयएस २५०० या नमुने उचलून तपासण्याच्या भारतीय मानकाच्या नेहमीच्या पातळीप्रमाणे ५०० च्या लॉटमधून ५० उचला. १ टक्का मर्यादेला एक खराब चालतो, दोन निघाले तर लॉट परत. सही केलेला एक आदर्श नमुना मोल्डिंगवाल्याकडे आणि एक तुमच्याकडे ठेवा, म्हणजे ‘एवढं चालतं’ यावर वाद होत नाही.

बोर्डासाठी मात्र प्रत्येक नग तपासायचा. बोर्डाच्या खाली १ मिमीचे टेस्ट पॅड द्या, मधलं अंतर २.५४ मिमी, आणि ॲक्रिलिकच्या पाटावर स्प्रिंगच्या पोगो पिना बसवा. आधी वीज न देता शॉर्ट पाहा. मग करंटला मर्यादा घालून वीज द्या, सगळी व्होल्टेज मोजा, सुरू होताना किती करंट लागला ते नोंदवा. त्यानंतर फर्मवेअर, बटणं, स्टिकची चारही टोकं, स्पीकरचा आवाज मायक्रोफोनने परत ऐकणं, वाय-फायचा सिग्नल, चार्जिंगचा करंट, कार्ड. प्रत्येक मोजमाप नगाच्या क्रमांकासह फाइलमध्ये उतरलं पाहिजे. नुसतं ‘पास’ लिहू नका. आकडे असले तर करंट हळूहळू चढतो आहे हे पन्नासाव्या नगाला कळतं.

फर्मवेअर भरण्याचा वेळ आधी मोजा. ८ जीबीची प्रतिमा सेकंदाला २० एमबी वेगाने लिहायला ४०० सेकंद लागतात. ५०० नगांना ५५ तास. चार जागा मांडा किंवा तपासणीपुरती लहान प्रतिमा भरा. भरायच्या सॉफ्टवेअरचे परवानेही वाचा : लिनक्स कर्नलचा बदललेला सोर्स ग्राहकाला द्यावा लागतो, आणि स्नेस९एक्ससारखे काही इम्युलेटर (जुन्या यंत्रांचे गेम चालवणारी सॉफ्टवेअर) विकाऊ यंत्रात घालायला परवानगी देत नाहीत. दुसऱ्यांचे गेम तर भरूच नका.

पाच टप्पे असतील आणि प्रत्येकात ९८ टक्के नग पास होत असतील, तर पहिल्या झटक्यात सगळीकडून निघतात ९० टक्के. म्हणजे ५०० पैकी साधारण ४८ नग उघडून दुरुस्त करावे लागणार. त्यासाठी एक माणूस आणि एक टेबल वेगळं काढा. जुळणी झालेला नग ४० अंशांत चार तास चालवून मगच डब्यात.

कागदपत्रं आणि दिवस

बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) सक्तीची नोंदणी कारखान्याच्या पत्त्यावर मिळते. जुळणी तुमच्या गाळ्यात होणार असेल तर तो गाळाच कारखाना. सेलसाठी आयएस १६०४६ ची नोंदणी पुरवठादाराकडे आहे का ते ऑर्डरआधी पाहा, नसेल तर दुसरा पुरवठादार शोधा. वाय-फाय, ब्लूटूथसाठी सरल संचार पोर्टलवरून डब्ल्यूपीसी या दूरसंचार विभागाच्या शाखेची ईटीए (रेडिओ उपकरणाची मंजुरी) घ्या. रेडिओ गोंगाटाची चाचणी, पवईच्या आयआयटी आवारात मुख्यालय असलेल्या समीरसारख्या सरकारी संशोधन संस्थेत किंवा खासगी प्रयोगशाळेत, पहिल्या फेरीच्या बोर्डावरच एकदा करून घ्या. ई-कचरा आणि बॅटरी कचरा या २०२२ च्या दोन्ही नियमांखाली उत्पादक म्हणून नोंदणी लागते. सुटे भाग सहार कार्गोला येण्याआधी कस्टम एजंटबरोबर एचएसएन (करासाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक) ठरवा : संगणक ८४७१ मध्ये, व्हिडिओ गेम कन्सोल ९५०४ मध्ये. यंत्र कशात बसतं यावर कर ठरतो, आणि विक्रीची किंमतही. डब्यावर एमआरपी, उत्पादकाचा पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीचा संपर्क छापा.

कॅलेंडर भिंतीवर लावा. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येतं. तेव्हा तिकडचे बोर्ड आणि स्क्रीन बनवणारे बंद असतात आणि उघडल्यावर हात नवे असतात. गणपतीत कोकणातली माणसं गावी जातात, दिवाळी-छठला मोल्डिंगचे कामगार. भाग नोव्हेंबरच्या शेवटी हातात येतील असं धरून जुळणी डिसेंबर-जानेवारीत बसवली तर दमट हवाही टळते.

आगाऊ पैसे दुसरी फेरी पार पडल्याशिवाय घेऊ नका. ओपनपॅन्डोरा या हातातल्या गेमिंग संगणकाची आगाऊ नोंदणी २००८ मध्ये सुरू झाली आणि पहिली यंत्रं २०१० मध्ये पोचली; इतका वेळ लोकांचा विश्वास धरून ठेवणं कुणालाही कठीण जातं.

पाठवणीचा डबा ७६ सेंमीवरून दहा वेळा पाडा : एक कोपरा, तीन कडा, सहा बाजू. मग उघडून स्क्रीनची केबल आणि बॅटरीचा कनेक्टर जागेवर आहेत का पाहा, कारण बाहेरून शाबूत दिसणाऱ्या नगात हेच दोन निसटतात. आणि पाचशे नग पाठवण्याआधी २५ बोर्ड, २५ स्क्रीन, ५० स्टिक आणि बटणांच्या चादरींची एक थैली सिलिका जेलसह बाजूला काढा. त्यावर ‘दुरुस्तीसाठी’ लिहा आणि ते विक्रीत धरू नका.